तिसऱ्या मजल्यावरची बरणी

दवाखान्यात डॉक्टर नेमके काय म्हणाले, ते मी ऐकलेले नाही; तेवढा भाग ऐकीव समजावा. बाकीचे बहुतेक मी स्वतः पाहिले आहे. मी बिस्किटांची काचेची बरणी बोलते आहे.

भट्टीतून निघाले तेव्हा माझ्यात मीठ भरायचे की बिस्किटे, हे ठरलेले नव्हते. या शिंप्याच्या घरात मला शिलाई मशीनच्या डावीकडे, हाताच्या अंतरावर ठेवले गेले आणि त्या जागेनेच माझे काम ठरवले. बॉबिनवरचा दोरा संपला की शिंपीबुवांचा हात आधी माझ्यात शिरे, मग दोऱ्याकडे वळे. भूक आणि बॉबिन यांचा संबंध काय, असा प्रश्न त्या हाताला कधी पडला नाही. मशीनखाली चिंध्यांशी खेळणारी सहा वर्षांची नातही मशीन थांबताच हात वर करी. तिला हे कोणी शिकवले नव्हते.

मग शिंपीबुवांच्या रक्तात साखर वाढलेली सापडली. ती उतरली नाही तर नजरेला धोका आहे, असे डॉक्टर म्हणाल्याचे घरात बोलले गेले. नजर गेली तर शिवणकाम गेले, हे कोणी बोलले नाही.

त्यांच्या पत्नीने आधी सगळेच करतात ती चूक केली. मला कपाटात, चादरींच्या मागे दडवले. तिसऱ्याच दिवशी तिने विचारले, "अहो, चादरीत हा चुरा कसला?"

"उंदीर असेल."

"चष्मा लावणारा? तुमचा चष्मा तिथेच पडलाय."

शिंपीबुवा खाली मान घालून कापडाला खडू लावत राहिले. ती भांडली नाही. तिने मला उचलले आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीत, सर्वांना दिसेल असे ठेवले.

"कुलूप नाही, बोलणी नाहीत. हवं तेव्हा खा. फक्त इथे येऊन खायचं, खिशात घालून खाली न्यायचं नाही."

"अगं, दर बॉबिनला तीन मजले चढू? गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"म्हणेल, बुवा हल्ली जागेवर सापडत नाहीत!"

माझ्या जुन्या जागी तिने गाजराच्या फोडी ठेवल्या. इस्त्रीचे टेबलही वर आणले. शिवलेला प्रत्येक कपडा आता जिना चढू लागला. माणूस बदलण्याचा हट्ट सोडून तिने घराची मांडणी बदलली. इतकी नेमकी बुद्धी मी फार थोड्या हातांत पाहिली आहे.

पहिल्या दिवशी बुवा बिस्किटासाठी नऊ वेळा आले, धापा टाकत, रागाने. आठवड्याने चार वेळा. मग नात जिन्यात शर्यत लावू लागली. "आजोबा, मी आधी!" खाली मशीन थांबले की ती गाजर उचलते म्हणे, ते मला इथून दिसत नाही.

यात माझे श्रेय काहीच नाही. मी तीच, बिस्किटे तीच. म्हणून विनंती एवढीच: आम्हा बरण्यांना दूषणे देण्याआधी, आम्हाला कुठे ठेवले आहे ते पाहा.

आज सकाळी बुवा वर आले. इस्त्री केली, खिडकीशी उभे राहिले, माझ्यावरची धूळ बोटाने पुसली. झाकण उघडले नाही.

"सादळली असतील," मागून पत्नी म्हणाली. "टाकून देऊ? की राहू देत?"

बुवांनी इस्त्री केलेला कपडा उचलला आणि ते जिना उतरले. काल रक्त तपासायला दिले आहे. अहवाल अजून आलेला नाही.