उलट्या तोफेचं पोस्टर

मी एक जुना जाड कागद आहे, पण लोक मला पोस्टर म्हणतात. टेनेसीतल्या एका गावात, व्हर्नाबाईंच्या खानावळीत, भिंतीचं भोक झाकून राहिलोय. मित्रांनो, आधीच सांगतो, माझा स्वभाव संशयी आहे. उगाच नाही झाला तसा.

अमेरिकेच्या उत्तर-दक्षिण यादवी युद्धात आमचं गाव दक्षिणेच्या बाजूनं लढलं; गावाबाहेरच्या त्या जुन्या रणांगणाची बाग झाली. ती बघायला लोकांनी यावं म्हणून चित्रकार मिस लेनोराने मला घडवलं. आठवडाभर ती तिथल्या ओल्या गवतात बसून होती. मग छपाईच्या जाळीतून एकेक रंग माझ्या अंगावर उतरला. पीचचा मोहोर, तोफ, आणि तोफेचा गाडा नुकताच आणून ठेवल्याच्या दोन चाकोऱ्या. माझी भावंडं दुकानादुकानांत लागली. लोक म्हणाले, "वा, झकास!"

चारच दिवस. मग तोफांची निगा राखणारा ऑर्विल खानावळीत गरजला, "अरे, हिने तोफेचं तोंड दक्षिणेकडे केलंय! आपली तोफ आपल्याच पोरांवर? उत्तरेची दिसतेय बया!" लोक धावत जाऊन बघून आले. बागेतली तोफ उत्तरेकडेच होती. झालं! माझी भावंडं टराटरा फाडली. मिस लेनोराला पुन्हा कुणी काम दिलं नाही. व्हर्नाबाई म्हणाल्या, "भोक झाकतंय ना? मग राहू दे." म्हणून मी वाचलो.

पण त्या दिवसापासून ऑर्विल माझ्याकडे पाठ करूनच जेवायचा. तीस वर्षं! चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? दर वसंतात तोफा रंगवायला हलवत, आणि परत जागेवर बसवायचं काम याचंच. माझी शंका पक्की होती, पण कागदाला कोण विचारतो?

परवा दुपारी मिस लेनोरा आली, काठी टेकत. मक्याचा पाव मागवला. ऑर्विलचा चमचा हवेतच थांबला. मला वाटलं, आता हा सटकतो. पण त्याने टोपी काढली.

"मिस लेनोरा, त्या वर्षी तोफ मीच उलटी बसवली होती. तुमचं चित्र बघून कळलं, आणि गुपचूप फिरवली."

"माहीत आहे मला."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"बोलले की. तोफ कुणीतरी नुकतीच तशी आणून बसवल्याच्या ताज्या चाकोऱ्या काढल्या होत्या. कुणी बघितल्याच नाहीत."

मित्रांनो, आम्हाला फाडण्याआधी एकदा जवळ येऊन बघत जा. ऑर्विल आता माझ्याकडे तोंड करून बसतो. जेवण मात्र त्याला जात नाही.