माझ्या झाकणावरचा इस्त्रीचा डाग

मित्रांनो, मी रंगपटातला एक जुना पत्र्याचा डबा आहे. माझ्या पोटात पांढरी पावडर असे. झाकण चेपलेलं आहे आणि त्यावर इस्त्रीचा काळा डाग आहे. त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. दाखवण्यासारखं माझ्याकडे तेवढंच तर आहे!

मुके चित्रपट नुकते निघू लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. काचेच्या छपराच्या शेडमध्ये, उन्हाच्या उजेडात, आमचा परीचा चित्रपट बनत होता. तिथला नियम सरळ होता. देव, राजपुत्र आणि परी माझ्याकडे येत. राक्षस आणि गुलाम शेजारच्या काजळीच्या डब्याकडे. राक्षस व्हायचे ते हमाल. मुळातच सावळे, तरी त्यांना आणखी काळं फासायचे. मी मात्र फुगून बसायचो. चांगुलपणा जणू माझ्याच पोटातून निघतो!

पोशाखांना इस्त्री करायला एक बाई होती. रंगाने काळीसावळी, जिभेने तिखट. नटीबाई उन्हात ताटकळायला तयार नसत, कारण घामाने पावडर ओघळे. म्हणून उजेड तपासायला कॅमेरावाला इस्त्रीवालीलाच मुकुट घालून उभं करी. फिल्मचा एक तुकडा तिच्यावर फिरवला, की मुकुट उतरवून तिने पुन्हा इस्त्रीकडे जायचं.

ढगांच्या प्रसंगासाठी चित्रपट कंपनीच्या मालकांनी मागचा पडदा पांढराशुभ्र रंगवून घेतला. आमच्या रंगपटातल्या, तोंडं रंगवणाऱ्या काकांनी नटीबाईंच्या तोंडावर मला अर्धा रिकामा केला. दोन दिवसांनी धुतलेली फिल्म बघायला सगळे जमले. पाहतात तर काय, ढगांत परीच नाही! एक मुकुट, दोन डोळे आणि काळेकुट्ट ओठ तेवढे तरंगतायत. लाल रंग त्या फिल्मवर काळाच उमटे. हमाल पोट धरधरून हसले. नटीबाई रुसून गेल्या, त्या गेल्याच.

त्याच रिळाच्या शेपटाला उजेड तपासल्याचा तुकडा होता. तेच ढग, आणि समोर इस्त्रीवाली. पापणी न् पापणी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी मालक तिला म्हणाले, "चल गं, आजपासून तूच परी. काका, पावडर लावा हिला."

"पावडर नको. आहे तशी घ्या."

"अगं, परी अशी असते का कधी? लोक हसतील."

"काल कुणाला हसले, मालक?"

काका समजुतीने म्हणाले, "हलका हात मारतो गं, पोरी."

"काका, माझी लेक येणारे बघायला. मागच्या खेळाला विचारत होती, आपल्यासारखे सगळे राक्षसच का गं? तिला तिची आई दिसायला हवी. आणि पांढरंच पाहिजे असेल, तर मागे एवढे ढग आहेत की!"

काकांनी तरी सवयीने माझं झाकण उघडलं. तिने ते खाडकन लावलं आणि निखाऱ्यांनी भरलेली इस्त्री वर ठेवून दिली. पत्रा चेपला, रंग करपला. मी कळवळलो. पण खरं सांगतो, मला 'नको' म्हणणारं कुणीतरी पहिल्यांदाच भेटलं होतं, आणि ते मला पटलं.

मालकांनी कॅमेरावाल्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? मला तर हीच दिसते."

मग ती दोरीला लटकून ढगांतून उतरली, स्वतःचंच तोंड घेऊन.

पहिल्या खेळाला मी काकांच्या पिशवीतून डोकावत होतो. परी उतरली. कुणी हसलं नाही. अंधारातून एक बारीक आवाज आला, "आई! माझी आई उडतेय!" मागून एक हमाल ओरडला, "धरा रे त्या पोरीला, नाहीतर तीही उडायची!"

पुढच्या चित्रपटाला मालकांनी नवी नटी आणली आणि पावडरीचा नवा डबा. काजळीचा डबा तोच. इस्त्रीवालीचं नाव पडद्यावर कधीच आलं नाही. रिळं ओलीने सडली. मी खिळे सांभाळत माळ्यावर पडलो.

आता मी प्रदर्शनात काचेच्या कपाटात आहे. समोर पाटी आहे: 'परीच्या रंगभूषेचा डबा'. साफ खोटं! परीने मला लावलंच नाही. आणि इथल्या ताई मला घासून, चेपलेलं झाकण ठोकून, नव्यासारखा करणार म्हणे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण त्यांना गोऱ्यागोमट्या करून जपू नका. आणि ताई, तो ब्रश खाली ठेवा. आधी पाटी बदला. डागाला हात लावायचा नाही. तिने केलेली सही एवढी एकच उरली आहे.