धरून ठेवलेला हात

शनिवारी दुपारी पोरांना झोपवून बायका क्लबहाउसमध्ये जमायच्या. बाळकुमच्या त्या सोसायटीत स्वसंरक्षणाचा क्लास सुरू झाला होता. शिकवायला येई पामेला, जवळच्याच गावठाणातली, पन्नाशीची, एकेकाळी ज्युदो खेळलेली. तिने पहिल्याच दिवशी दोन रस्ते समोर ठेवले होते. एक तर समोरच्याचा सांधा मुरगळून त्याला जागच्या जागी धरायचं, नाहीतर नाकावर जोरात हाणून पळत सुटायचं.

"ते हाणायचं नको हो," नीलची आई म्हणाली. "मुरगळायचंच नीट शिकवा."

"का गं?"

"वळ उठत नाही ना."

सगळ्या हसल्या. कृतिकाही हसली. रस्त्यावरचा गुंड त्या हसण्यात कुणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता. पामेलाला ते समजलं. तिने जोड्या लावल्या.

कृतिकाला मनगटाची पकड चटकन जमली. बी. एस्सी. झालेली, लेक सान्वी व्हायच्या आधी नौपाड्यातल्या एका लॅबमध्ये काम केलेली ही मुलगी. कुठलीही गोष्ट लक्ष देऊन पाहायची तिला सवय होती. लग्नानंतर ती सवय नुसती नवऱ्याचा मूड ओळखण्यात खर्ची पडत होती. विनीत बूट कसे काढतो यावरून संध्याकाळ कशी जाणार ते तिला कळायचं. तो रोज मारत नसे. म्हणून तर इतकी वर्षं निघाली. आणि मुरगळणंच शिकायचं तिने ठरवलं होतं, कारण सोमवारी त्याला ऑफिसला जायचं असतं, तोंडावर वळ दिसला तर चारचौघं काय म्हणतील? स्वतःच्या दंडावर बारा महिने लांब बाह्या चढवणारी बाई नवऱ्याच्या तोंडाची एवढी काळजी करते, यात तिला काही वावगं वाटत नव्हतं. आपल्यापैकी कितीजणींना वाटतं?

क्लास संपल्यावर पामेलाने तिला बाजूला घेतलं.

"तुझी पकड चांगली बसते. पण एक सांगू? पोलीस असं मुरगळून धरतात ना, तेव्हा त्यांच्या मागून दुसरा पोलीस येत असतो. धरून ठेवणं म्हणजे त्याच्याजवळच थांबणं. तुझ्या मागून कोण येणारे?"

"सासूबाई असतात की घरात," कृतिका म्हणाली. आणि ती ते अगदी मनापासून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणं व्हायची होती. सान्वीच्या हातून सरबत सांडलं, ते विनीतच्या लॅपटॉपवर. आजवर त्याने मुलीवर हात टाकला नव्हता. त्या दिवशी त्याने तिचा दंड धरून तिला खुर्चीवरून खेचलं. कृतिका मध्ये पडली. त्याने पोरीला सोडून हिचं मनगट पकडलं, आणि हिने विचार करायच्या आतच त्याचा पंजा दाबून धरला, हात फिरवला, कोपरावर भार टाकला. विनीत गुडघ्यांवर आला. त्याचा चेहरा रागावलेला नव्हता, नुसता चकित झालेला.

"आई, सान्वीला घेऊन खाली जा," कृतिका म्हणाली. "वॉचमनला वर पाठवा."

सासूबाई, गोदूबाई, कोथिंबिरीची जुडी हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"सोड गं त्याला. हात मोडंल पोराचा."

"आई, मी फार वेळ नाही धरू शकत. जा ना."

"नवरा हाय तो तुझा. असा धरत्यात व्हय?"

कृतिकाने मोठ्याने हाक मारली, शेजाऱ्यांना. दार उघडंच होतं. शेजारचा टीव्ही बारीक झाला. म्हणजे ऐकू गेलं होतं. कुणी आलं नाही.

तिचे खांदे भरून आले, बोटं घामाने घसरू लागली. विनीत हळू आवाजात म्हणाला, "सोड. काही करत नाही. सान्वीची शपथ."

तिने सोडलं.

पुढच्याच क्षणी तिच्या कानशिलात बसली आणि भिंत फिरली. सान्वी रडत आईच्या पायांना बिलगायला आली, तिला त्याने पायाने बाजूला ढकललं आणि पुन्हा हात उगारला. तेव्हा कृतिकाने तळहाताचा मनगटाजवळचा भाग सगळी ताकद लावून त्याच्या नाकावर मारला. तो नाक धरून खाली बसला. तिने मुलीला उचललं आणि अनवाणीच जिना उतरली.

बुधवारी डोंबिवलीला, तिच्या माहेरी, बैठक बसली. अशा बैठकीची रीत ठरलेली असते. मुलाकडचे बोलणार, मुलीचा बाप हात जोडणार, चहा होणार, मुलगी परत जाणार. विनीत नाकावर पट्टी लावून सोफ्यावर बसला होता. आल्यापासून जो तो त्या पट्टीचीच चौकशी करत होता. बोलायला त्याचे चुलते तानाजीकाका होते.

"हात धरला असतास तर आम्ही समजून घेतलं असतं," ते म्हणाले. "पण थेट तोंडावर?"

कृतिकाने मान वळवली, उजवा कान त्यांच्याकडे केला. "काय म्हणालात?"

त्यांनी पुन्हा सांगितलं.

"धरला होता काका. धरून हाका मारल्या. आईंना विचारा."

गोदूबाई कपातल्या चहाकडे बघत म्हणाल्या, "खाली जा म्हणाली व्हती मला."

"मग का नाही गेलात, वहिनी?" काकांनी विचारलं.

"मला वाटलं, हुईल शांत. याचे वडील बी व्हायचे. थोड्या येळानं."

विनीतने आईकडे पाहिलं. काकांनी कप खाली ठेवला. रिवाजाप्रमाणे कृतिकाचे वडील उठले, हात जोडले. "झालं गेलं... पोरीच्या वतीने मीच..."

कृतिकाने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले.

"नको बाबा. तुम्ही माफी मागितलीत की मला परत जावं लागेल. आणि सान्वीला पण."

"अगं, मग करणार काय तू?"

"तक्रार देणार. आजच."

"त्याचं नाक दिसतंय सगळ्यांना," काका म्हणाले. "तुझं काय दिसणार?"

तिला ते नीट ऐकू आलं नाही. तिने पुन्हा मान वळवली. यावेळी वडील बघत होते. जावयाच्या पट्टीवरून त्यांची नजर निघाली ती मुलीच्या चेहऱ्यावर येऊन थांबली.

"कुठल्या कानाने कमी ऐकू येतंय तुला?"

"डाव्या," ती म्हणाली. "तेही लिहून द्यायचंय."