माझा बोल्ट आवळू नका

मी एक जुना लोखंडी सांधा आहे. ज्ञानदेव फिटरांच्या लेकीचं, रंभाचं, बारसं झालं, त्याच १९७३ साली त्यांनी मला दौंडात घडवलं. रंभाला रोज तेल लागायचं. मला मात्र तेलाचा थेंबही वर्ज्य!

मित्रांनो, माझं अंग साधं आहे. दोन लोखंडी पट्ट्या, मध्ये ब्रेकचं लायनर, एक लांबट भोक आणि एक बोल्ट. भूकंपात इमारत हलली की माझ्या पट्ट्या घासत सरकतात आणि हादऱ्याचा जोर मी खाऊन टाकतो. तेल पडलं, तर मी घासणार कसा? बोल्ट गच्च आवळला, तर सरकणार कसा? म्हणून ज्ञानदेवांनी तो बेतानं ढिला ठेवला.

हा शोध आपल्या नावावर लागावा, म्हणून त्यांनी पेटंटचा अर्ज केला. एका कारखान्यानं हरकत घेतली: कुणाही जाणत्या कारागिराला हे सुचलं असतं, हे उघडच आहे; मग पेटंट कसलं? पुराव्याला चक्क दगडोबा मामांचा अंगठा!

दगडोबा मामा म्हणजे मांडवगण फराट्याचे लोहार. ज्ञानदेव त्यांच्याच ऐरणीवर शिकले. कारखान्याचा माणूस गावात आला, तेव्हा मामा भाच्याच्या कौतुकानं फुगले होते. "लई उघड काम हाय बगा! आंधळ्यालाबी उमगंल," म्हणाले आणि कागदावर अंगठा उठवून बसले. त्यांच्या लेखी ती शाबासकी होती.

१९७६ साली सुनावणीला मी मुंबईला गेलो, गोणपाटात गुंडाळून. मामाही सोबत होते. पेटंट कचेरीतल्या साहेबांनी तो अंगठ्याचा कागद वाचला.

"मामा, गळा कापला की माझा!" ज्ञानदेव पुटपुटले.

"मला काय ठावं, उघड म्हंजी वंगाळ आसतंय!"

साहेबांनी विचारलं, "आजोबा, किती वर्षं लोहारकाम करता?"

"पन्नास."

"इतकं उघड होतं, तर तुम्ही आधी का नाही केलं?"

"ढिला बोल्ट? सायेब, बापानं कानफाट फोडलं आस्तं! आमच्या धंद्यात ढिलं म्हंजी शिवी. ह्यानं दावलं, तवा मला दिसलं. हुमान घातलं की समदी डोकी खाजवत्यात, उत्तर ऐकल्यावर समदीच शानी!"

साहेब खळखळून हसले. मग कारखान्याच्या इंजिनिअरला म्हणाले, "बोल्ट सरकता ठेवा, असं तुमच्या एखाद्या पुस्तकात आहे?" त्यानं पानामागून पान चाळलं. सगळीकडे एकच लिहिलेलं: घट्ट आवळा.

महिन्याभरात निकाल आला. दाखवल्यावर सोपं वाटतं, म्हणून ते आधीच उघड होतं असं नाही. पेटंट ज्ञानदेवांचं! त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी पेढे वाटले. "मामा, आता पेढ्यापुरतंच तोंड उघडा बरं का!" त्या म्हणाल्या. सगळ्यात मोठ्यानं मामाच हसले.

पुढे मला मांडवगणच्या शाळेत बसवलं. सुरुवातीला पाहुणे यायचे, हार घालायचे. आता माझ्यावर चिमण्या घरटं करतात. त्याचं मला दुःख नाही. पण कुणीतरी भला माणूस ढिला बोल्ट पाहतो आणि पाना घेऊन धावतो! मित्रांनो, माझी धूळ झटका, गंज खरवडा, पण तेल घालू नका आणि बोल्ट आवळू नका. एखादी गोष्ट ढिली का ठेवली, ते आधी विचारा.

मामा दर रविवारी येऊन माझा बोल्ट बोटानं चाचपायचे. "ऱ्हा बाबा आसाच," म्हणायचे. शेवटचे आले १९७९ च्या पौषात. त्याच वर्षी माघात दगडोबा मामा वारले.