आईचं वय

नळानं घसा खाकरला.

पहाटेच्या शांततेत आधी नुसती हवा आली, मग बादलीच्या बुडावर दोन थेंब टपटपले, आणि पंकजा अंथरुणातून उठून बसली. पाचव्या दिवशी आलेलं पाणी तासभर टिकतं. तेवढ्यात हंडे, कळशी, मोरीतलं पिंप, सगळं भरून घ्यायचं. नऊ वर्षांची धनश्री भिंतीकडे तोंड करून गाढ झोपली होती. नवरा वैजनाथ टेम्पो घेऊन कांदा पोचवायला गेला होता. सासू रतनबाई मात्र जाग्याच होत्या.

"तुझ्या त्या हापिसाच्या पानावर म्हनं रोज पानी येतंय?" त्या गोधडीतूनच बोलल्या.

"एक दिवसाआड लिहिलंय, आई."

"मग तिथूनच दोन हंडे भरून आन की. हितं कशाला ताटकळतीस?"

पंकजाला हसू आलं, पण ते ओठांवर पोचायच्या आत दमून गेलं.

शहराचं नाव इथे सांगत नाही. नगर जिल्ह्याच्या कोरड्या पूर्वेतल्या कुणालाही ते आपलंच वाटेल, आणि वाटावं. तिथल्या नगरपालिकेनं पंधरा ऑगस्टला ‘खुली माहिती’ नावाचं पान सुरू केलं होतं. कोणत्या गल्लीत किती दिवे, घंटागाडी कधी येते, नळाला पाणी कधी, प्रसूतिगृहात किती बाळंतपणं झाली, हे कुणीही मोबाईलवर उघडून बघावं. कल्पना चांगलीच होती. झाकून ठेवलेलं उघड्यावर आलं की निम्मी दुखणी बरी होतात. पण पानावर जे चढतं ते कुणाच्या तरी हातानं चढतं, आणि प्रसूतिगृहाच्या नोंदींपुरता तो हात पंकजाचा होता. ठेकेदाराकडून लागलेली, अकरा महिन्यांच्या करारावरची ऑपरेटर.

जुलैभर ती दहा वर्षांची रजिस्टरं संगणकावर चढवत होती. नावं पानावर जात नसत. अनुक्रमांक, वॉर्ड, बाळाचं वजन आणि आईचं वय, एवढंच. पहिलटकरणींच्या वयाच्या रकान्यात मालन सिस्टरचं गोल अक्षर ओळीनं उभं होतं. एकोणीस, एकोणीस, एकोणीस. मधूनच एखादी बावीस, एखादी चोवीस, की पुन्हा एकोणीस. तिसऱ्या दिवशी पंकजाला युक्ती सापडली. वर एकदा १९ टाकायचं, चौकटीचा कोपरा माऊसनं धरायचा आणि सरळ खाली ओढायचं. चाळीस बायका एका ओढीत एकोणिसाव्या वर्षी आई व्हायच्या. काम चारला उरकायचं आणि धनूला शाळेतून वेळेवर आणता यायचं. दमलेल्या माणसाला सोपी वाट सापडली की ती कुठे जाते हे तो विचारत नाही.

गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पंकजाचा थोरला भाऊ हनुमंत आला. तिसगावच्या बाजारातून परस्पर, हातात वाळकांची पिशवी. हनुमंत आणि त्याची बायको मिळून एक कोयता. ऊसतोडीच्या बोलीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयताच म्हणतात, एकट्या माणसाला अर्धा कोयता. दसरा झाला की कोयते गाडीत बसतात आणि सहा महिने कारखान्याच्या फडावर राहतात.

"रेणुकाचं कसं करायचं, पंके?" चहा बशीत ओतत त्यानं विचारलं. रेणुका त्याची लेक, आठवीत होती. "मागल्या साली आय हुती. आता मागं ठिवायची तर कुनापाशी? आन् फडावर न्यायची तर... तुला काय सांगायचं."

पंकजाला सांगायची गरज नव्हती. फडावरच्या खोपीला दार नसतं.

"तुमच्या गावात पोरींचं वसतिगृह व्हनार म्हनत्यात. आयबाप तोडीला गेल्यावर पोरींनी ऱ्हायाचं, साळा करायची. ते झालं तर तिथं ठिवतो बिनघोर."

"आणि नाही झालं तर?"

हनुमंतनं बशी खाली ठेवली. "जामखेडकडची एक जागा आलीय. पोरगा बरा हाय, बिडी न्हाई, तंबाकू न्हाई. त्याला कोयता पुरा करायचाय. दसऱ्याच्या आत उरका म्हनत्यात."

"दादा, चौदाची आहे रे ती!"

"आन् तू कितीची हुतीस?" हनुमंत रागानं बोलला नाही. रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. "मीच दिली ना तुला? हौस हुती का मला? आय आजारी, मी फडावर, घराला धड कडी न्हाई. तवा असं वसतिगृह असतं, तर दिली असती का मी?"

जाताना तो उंबऱ्यात थांबला. "तू हापिसात हायेस. बघ काय हुतंय का."

आठवडाभरानं वरच्या कार्यालयाचं पत्र आलं, आणि स्कॅन करायला पंकजाच्याच टेबलावर आलं. ‘शहराच्या प्रसिद्ध खुल्या माहितीनुसार गेल्या दहा वर्षांत अठरा वर्षांखालील मातांची संख्या निरंक आहे. सबब, बालविवाह रोखण्याच्या कारणास्तव मुलींच्या हंगामी वसतिगृहाची निकड दिसून येत नाही.’

निरंक. स्कॅनरचा हिरवा दिवा कागदाखालून सरकत गेला आणि परत आला. पंकजाचा हात माऊसवर होता. याच हातानं ते ओढलं होतं.

त्या दुपारपासून ती डबा खायला बाहेर गेली नाही. रजिस्टरांच्या मागे, लोखंडी कपाटात, बाळंतपणांचे केसपेपर होते. प्रत्येकाला आधार कार्डाची झेरॉक्स टाचलेली, आणि झेरॉक्सवर जन्मतारीख. एका हातात पोळीची गुंडाळी, दुसऱ्या हातात केसपेपर, असे अकरा दिवस गेले. ज्या तारखा धड वाचता येत नव्हत्या त्या तिनं सोडून दिल्या. तरी पंधरा, सोळा, सतरा अशा तीनशेअठरा जणी निघाल्या. एक तर पुरती चौदाचीही नव्हती.

सातव्या दिवशी अनुक्रमांक चारशेसतरा हाती आला. झेरॉक्सवरची मुलगी दोन वेण्या घातलेली, फोटो काढताना श्वास रोखून धरलेली. पंकजा तिच्याकडे बघत बसली. प्रसूतीची तारीख, एक मार्च. वय, मालन सिस्टरच्या अक्षरात, एकोणीस. खरं वय सोळा वर्षं दोन महिने. लग्नानंतरही ती हट्टानं दहावीला बसली होती. त्या दिवशी पहिला पेपर होता, आणि हॉल तिकीट उशीखाली ठेवून ती कळा सोसत होती. ‘वय किती?’ असं विचारल्यावर रतनबाईंनी खालच्या आवाजात सांगितलं होतं, "एकोनीस लिवा." आणि जुलैमध्ये माऊस खाली ओढताना ती स्वतःवरूनही तशीच निघून गेली होती. तिला कळलंही नव्हतं.

प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात मालन सिस्टर गॉजच्या घड्या घालत बसल्या होत्या. निवृत्तीला चार महिने उरलेले, पाय सुजलेले.

"सिस्टर, मी आठवते तुम्हाला?"

"सगळ्या आठवतात गं. तू ओरडली नव्हतीस. न ओरडणाऱ्या पोरीची मला जास्त भीती वाटते."

"मग एकोणीस का लिहिलंत?"

सिस्टरांचा हात थांबला. "सुरुवातीला एकदा खरं लिहिलं होतं मी. पंधरा. पोलीस आले, नवऱ्याला घेऊन गेले, सासूनं मला व्हरांड्यात उभं राहून शिव्या दिल्या. शिव्यांचं काही नाही. पण त्या वस्तीवरून पुढं वर्षभर एक बाई इथं आली नाही. दोन पोरी घरातच गेल्या, एक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. तेव्हापासून एकोणीस लिहिते. वय खोटं, पण पोरगी जिती. आता तू शिकलेली आहेस, तू सांग कुठं चुकलं."

आत कुणाचं तरी बाळ रडत होतं.

"तुमचं एकोणीस या दारापुरतं होतं, सिस्टर," ती हळू म्हणाली. "मी ते उचलून साऱ्या गावाला दाखवलं. आता त्याच आकड्यावर बोट ठेवून वसतिगृह नको म्हणतायत. माझी भाची आहे, आठवीत. पुढच्या वर्षी तिचंही वय तुम्हीच विचाराल."

सिस्टरांनी आणखी एक घडी घातली.

"पानावर नावं जातात का?"

"नाही. नुसते आकडे."

"मग खरे घाल. कुणी विचारलं तर सांगीन, अक्षर माझं आहे."

पंकजानं आकडे तपासून घेतले आणि विभागप्रमुख कारभारी साहेबांपुढे कागद ठेवला. साहेबांनी चष्मा वर केला, वाचला, आणि खाली केला. तिमाही माहिती चढवायच्या आधी ऑपरेटरनं ‘तपासले, बरोबर आहे’ असं लिहून सही करायची पद्धत होती. त्यांनी जुनाच तक्ता तिच्याकडे सरकवला.

"इथे सही करा, ताई."

"हा चुकीचा आहे, साहेब."

"अहो, पुढच्या महिन्यात बालविवाहमुक्त शहर म्हणून सत्कार आहे आपला. मंडप सांगून झालाय. आता दहा वर्षांपूर्वीची लग्नं उकरून कुणाचं भलं होणार? मोडायचीत का तुम्हाला?"

"मोडायची नाहीत. एक थांबवायचंय."

साहेब हसले. माणूस वाईट नव्हता. घरी त्यांच्या दोन मुली होत्या, एक पुण्यात इंजिनिअर होत होती. "ठेकेदाराकडे तुमच्यासारख्या चारजणी रांगेत उभ्या आहेत, बरं का."

"मग त्यांच्यातली एखादी करील सही. मी नाही करणार."

ती उठली, खालच्या मजल्यावर आवक खिडकीशी गेली आणि मुख्याधिकाऱ्यांच्या नावानं लिहिलेला अर्ज, सोबत दुरुस्त तक्ता, आत सरकवला. आदल्या संध्याकाळी तो वैजनाथला वाचून दाखवला होता. शेवटची ओळ त्यानं दोनदा वाचायला लावली. मग म्हणाला, "मी एकवीसचा हुतो. मला कुनी इचारलं न्हाई, पन मीबी कुनाला इचारलं न्हाई. लिव तू. जे हुईल ते बघू."

शेवटची ओळ अशी होती: ‘यातील अनुक्रमांक चारशेसतरा मी स्वतः आहे. माझे वय तेव्हा सोळा होते.’

खिडकीतल्या कारकुनानं न वाचताच शिक्का मारला. धप्प.

मंडप उभा राहिला नाही, सत्कार पुढे ढकलला गेला. तिसऱ्या दिवशी पानावरून ‘आईचं वय’ हा रकानाच नाहीसा झाला. तिथे ‘दुरुस्तीचे काम सुरू आहे’ असं आलं. ते अजून तसंच आहे. पण आवक शिक्क्याचा कागद गिळता येत नाही. वसतिगृहाचा प्रस्ताव फेरविचारासाठी दिवाळीनंतरच्या बैठकीत ठेवला गेला. आणि पंकजाला ठेकेदाराच्या माणसानं फोन करून सांगितलं, एक तारखेपासून येऊ नका.

दिवाळीनंतर. कोयते तर दसऱ्याला निघतात.

ती गावी गेली आणि भावाच्या ओट्यावर बसून म्हणाली, "रेणुका माझ्याकडे राहील."

"तुझी नोकरी गेली म्हनत्यात, पंके. तुमचंच कसं व्हायचं?"

"होईल कसंतरी. जामखेडवाल्यांना नाही म्हणून सांग."

हनुमंतनं डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "सा म्हैने. पुढल्या साली मला परत बोल लावू नको. मी एकला न्हाई म्हनालो म्हनून गाव थांबत न्हाई."

ते खरंच होतं. सीमोल्लंघनाच्या दुसऱ्या दिवशी गाड्या निघाल्या, तेव्हा पाठीमागे उसाच्या चिपाडासारख्या बारीक मनगटांत हिरवा चुडा भरलेल्या तीन मुली बसल्या होत्या. तिघी रेणुकाच्याच वर्गातल्या. वर्षभरानं त्यांतली एखादी कुठल्यातरी व्हरांड्यात वय सांगेल. तो आकडा कुठल्यातरी पानावर चढेल, आणि आपण सगळे तो सवडीनं वाचू. वाचणाऱ्यानं एवढंच करावं, फार नीटनेटका रकाना दिसला की तिथे थोडं थांबावं.

रेणुका एका पिशवीत दप्तर आणि दुसऱ्या पिशवीत दोन ड्रेस घेऊन आली. रतनबाईंनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. त्या काय बोलतील याची पंकजाला धास्ती होती.

"वयात आलेली परक्याची पोर, आन् खोल्या दोन," रतनबाई म्हणाल्या. मग स्वतःची गोधडी सरकवत, "हिला भित्तीकडंला झोपव. दाराकडं मी हाय."

रविवारी दुपारी घर जरा निवांत होतं. पंकजा दारात बसून शेजारणीच्या ब्लाउजांना हुक लावत होती. हेच काम सध्या मिळालं होतं. आत रेणुका बीजगणिताशी झगडत होती. धनूला शाळेत ‘माझे कुटुंब’चा तक्ता करायचा होता, त्यासाठी आईचा लहानपणचा फोटो हवा होता. ती पत्र्याच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उलथापालथ करत होती.

"मम्मी, सापडला! दोन वेण्यांचा!" ती धावत आली. हातात घडी पडून पिवळा झालेला कागद, त्यावर डकवलेला फोटो. "हे काय आहे गं?"

"हॉल तिकीट. दहावीचं."

धनू फरशीवर फतकल मारून बसली आणि बोट ठेवून एकेक अक्षर वाचू लागली. नाव वाचलं. केंद्र वाचलं. मग बोट पहिल्या पेपराच्या तारखेवर थांबलं.

"एक मार्च! मम्मी, हा तर माझा वाढदिवस." ती हसली. परत कागद बघितला, मागची बाजू बघितली. "पण इथं सरांची सही करायची जागा कोरीच आहे. तू गेली नव्हतीस का पेपरला?"

"नाही."

रेणुकाची पेन्सिल आत थांबली. रतनबाईंनी जपमाळ मांडीवर ठेवली आणि तोंड भिंतीकडे वळवलं. धनूनं कागद पुन्हा जुन्याच घडीवर दुमडला आणि आईच्या गुडघ्यावर ठेवला.

"माझ्यामुळं?"