एका बाटलीतला जंतू

दादाच्या पोटातल्या मोठ्या रक्तवाहिनीच्या जागी कापडी नळी बसवली, त्याला दोन वर्षं झाली. ऑपरेशन नीट पार पडलं होतं. यंदा मात्र बारीक ताप मागे लागला. संध्याकाळ झाली की कणकण, पहाटे उशी घामाने ओली.

त्याचं रक्त तपासायला आमच्याच लॅबमध्ये आलं. दोन बाटल्या. पाच दिवस दोन्ही कोऱ्या. मी रोज देवापुढे एवढंच मागत होते, की काही उगवू नये. सहाव्या दिवशी एकीत उगवलं. काचपट्टीवर पाहिलं, तर आपल्या सगळ्यांच्या कातडीवर असतो तो साधा जंतू. सुई टोचताना तो पुष्कळदा बाटलीत जातो. दोनपैकी एकाच बाटलीत निघाला, तर आम्ही ‘बाहेरची भेसळ’ लिहून सोडून देतो. पण पेशंटच्या अंगात कृत्रिम नळी असेल तर आधी डॉक्टरांना फोन करायचा, कारण क्वचित हाच जंतू नळीला चिकटून बसतो. नव्या मुलींना हे मीच शिकवते. त्या दिवशी मी फोन केला नाही. देवाने ऐकलं असं वाटलं, आणि ‘भेसळ’ लिहून सही केली.

तीन महिन्यांनी नळीभोवती पू सापडला. त्यात तोच जंतू.

सर्जन म्हणाले, “नळी काढल्याशिवाय हा जायचा नाही. आणि आता काढायला घेतली, तर ते टेबलावरून उठायचे नाहीत. अंगात ताकद होती तेव्हाच कळायला हवं होतं.”

वहिनीने माझा हात धरला. “वन्सं, तुम्ही लॅबमध्ये आहात म्हणून निदान तरी झालं हो.” आणि ती औषधं आणायला खाली गेली.

“काय गं, तोंड का पाडलंयस?” दादा म्हणाला. “जायचंय मला, तुला नाही.”

मी त्याला सगळं सांगितलं.

तो सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिला. “बाटली माझी आहे हे माहीत होतं तुला?”

“हो.”

“म्हणूनच?”

“हो, दादा.”

“सांगून तू मोकळी झालीस,” तो हळू म्हणाला. “आता मी हे कुठे ठेवू? हिच्याकडे बघू कसा?”

दार वाजलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवून डोळे मिटले.

“झोप लागली का हो यांना?” वहिनीने कुजबुजत विचारलं.

“लागली,” मी म्हणाले.