रविवारच्या प्याल्याला सोमवारी कल्हई

मित्रांनो, मी नागपूरच्या एका चर्चमधला जुना पितळी प्याला आहे. भंडाऱ्याच्या कारागिराने मला घडवले आणि आतून कल्हई केली. महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या वेळी, मंडळी माझ्यातल्या द्राक्षरसाचा एकेक घोट घेऊन मला पुढे देत. उरलेला घोट शेवटी पाळकसाहेब पीत. सगळे एकाच प्याल्यातून पितात, म्हणून माझे केवढे कौतुक! मी खुळा, फुगून जाई.

१९७४ साली सुभद्राबाई शामलाला घेऊन आल्या. या बाई चर्चतर्फे वस्त्यावस्त्यांत फिरून शुभवर्तमान सांगत. शामलाला लहानपणीच बदनाम गल्लीत विकले होते. ती तिथून सुटली, बाईंजवळ वाचायला शिकली. तिचा बाप्तिस्मा झाला तेव्हा मंडळींनी टाळ्या वाजवल्या.

मग पहिला रविवार आला. शामलाने घोट घेऊन मला शेजारच्या लतिकाबाईंकडे दिले. त्यांनी मला रुमालात धरले आणि ओठ न लावताच पुढे सरकवले. पुढच्या साऱ्याजणींनी तेच केले. शेवटचा घोट घेणाऱ्या पाळकसाहेबांनीही खाली बघत मला न पिताच ठेवून दिले. माझ्या अंगाची लाही लाही झाली. विकणारे मोकळे, आणि विटाळ हिचा?

सोमवारी लतिकाबाईंचे यजमान, चर्चचे पंच वसंतराव, मला कल्हईवाल्याकडे घेऊन गेले. एरवी माझी कल्हई वर्षातून एकदाच, ईस्टरआधी होई. निखाऱ्यांवर तापलो, त्याहून रागाने जास्त तापलो.

शामलाला ते कळलेच. "मले काहून आणलं वं बाई इथं? मी नाही येत आता."

"एक डाव ये," सुभद्राबाई म्हणाल्या. "मी हावो ना."

पुढच्या महिन्यात वसंतरावांनी शामलाला सर्वांत मागे बसवले. सगळ्यांचे झाल्यावर तिला मी मिळालो. पंच निश्चिंत झाले. पण या शहाण्यांना एक गोष्ट आठवलीच नव्हती. तिच्यानंतर पाळकसाहेबांची पाळी होती.

त्यांनी मला हातात घेतले. सारे टक लावून बघत होते. शामलाचे ओठ जिथे लागले होते, तिथूनच त्यांनी मला थेंब न ठेवता रिकामे केले.

"वसंतराव," ते म्हणाले, "उद्या मलेही घेऊन चला कल्हईले."

शामला पदरात तोंड खुपसून रडली, पण उठून गेली नाही.

मित्रांनो, आता मी चेपलो आहे. मला चिंचेने घासा, राखेने घासा, वर्षाला कल्हईही करा. पण कुणा बाईचे ओठ लागले म्हणून मला पुन्हा निखाऱ्यांवर धरू नका.